एक नोट्रम्पवर दोन इस्पिक: या उत्तराला कोणता अर्थ द्यावा?

सोलापुरात दर आठवड्याला ब्रिज खेळायला एकत्र बसणाऱ्या एका जोडीने मला प्रश्न पाठवला आहे. ही जोडी १५ ते १७ गुणांच्या (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) समतोल पानांवर, म्हणजे कोणताही रंग फार आखूड किंवा फार लांब नसताना, १ नोट्रम्पने (हुकमाविना खेळण्याच्या बोलीने) ओपनिंग करते. त्यावर २ किलवर म्हणजे स्टेमन (ओपनरकडे मेजरची, म्हणजे इस्पिकची किंवा बदामची, चार पाने आहेत का हा प्रश्न), २ चौकट म्हणजे बदामचा ट्रान्सफर (माझे बदाम लांब आहेत, तो रंग तुम्ही बोला), २ बदाम म्हणजे इस्पिकचा ट्रान्सफर आणि २ नोट्रम्प म्हणजे आठ-नऊ गुणांवर गेमचे (मोठा बोनस देणाऱ्या ३ नोट्रम्पसारख्या बोलीचे) साधे आमंत्रण, एवढे दोघांचे ठरलेले आहे. २ इस्पिक या उत्तराला मात्र त्यांच्याकडे अजून काहीच अर्थ नाही. एक भिडू म्हणतो की ते मायनर स्टेमन असावे, म्हणजे ओपनरकडे किलवरची किंवा चौकटची चार पाने आहेत का, हे विचारण्यासाठी ते वापरावे. दुसऱ्याचे म्हणणे असे की कमकुवत पानांत एखादा लांब मायनर असेल तर ३ किलवर किंवा ३ चौकटवर जाऊन थांबण्यासाठी त्याचा उपयोग करावा. दोघांचे एकमत होत नाही, म्हणून तिसऱ्याचे मत हवे आहे.

माझे मत आधी सांगतो आणि मग कारणे देतो. मी या दोन्ही अर्थांच्या बाजूने नाही. २ इस्पिक म्हणजे किलवरची किमान सहा पाने, गुण कितीही. २ नोट्रम्प म्हणजे चौकटची किमान सहा पाने, गुण कितीही. आणि आजवर २ नोट्रम्पने दिले जाणारे समतोल आमंत्रण यापुढे स्टेमनमधून द्यावे. ज्याला चार रंगांचे ट्रान्सफर म्हणतात ती हीच पद्धत. तिची किंमत मोजावी लागते आणि ती कुठे मोजावी लागते हेही पुढे सांगणार आहे, कारण ती न सांगता पद्धत शिकवणारे फार आहेत.

२ इस्पिक ही बोली रिकामी कशी पडली, हे ध्यानात घेतले तर पुढचा विचार सोपा जातो. ऑस्वाल्ड जेकोबी यांनी १९५६ मध्ये मेजरचे ट्रान्सफर अमेरिकेत लोकप्रिय करण्यास सुरुवात केली. इस्पिक दाखवण्याचे काम २ बदामकडे गेल्यावर २ इस्पिकला स्वतःचे काम उरले नाही. म्हणजे ही बोली आपल्याला फुकट मिळालेली आहे, आणि फुकट मिळालेल्या वस्तूचे होते तेच तिचे झाले: ज्याला जे सुचले ते त्याने तिच्यात भरले.

कृत्रिम उत्तराला अर्थ देताना बहुतेक जोड्या ‘ही बोली माझ्याकडची कोणती पाने दाखवेल’ एवढाच विचार करतात. माझ्या मते त्याआधी हे पाहावे, की त्या बोलीवर ओपनरला सुरक्षित पातळीच्या आत किती निरनिराळी उत्तरे देता येतात. २ इस्पिकनंतर ३ किलवरच्या आत एकच बोली शिल्लक राहते, ती म्हणजे २ नोट्रम्प. याचा अर्थ ओपनर ३ किलवरच्या वर न जाता २ नोट्रम्प म्हणू शकतो किंवा ३ किलवर म्हणू शकतो, तिसरे काही म्हणू शकत नाही. दोन उत्तरे म्हणजे ‘होय’ किंवा ‘नाही’, आणि म्हणून प्रश्नही एकच. २ नोट्रम्प आणि ३ चौकट यांच्यामध्येही तशीच एक जागा आहे, ३ किलवरची. तेव्हा निवड करायची ती या प्रश्नाची. २ इस्पिकचा अर्थ त्या निवडीतून आपोआप ठरतो.

या कसोटीवर दुसऱ्या भिडूची सूचना तपासून पाहू. २ इस्पिक म्हणजे ‘माझी पाने कमकुवत आहेत, एक लांब मायनर आहे, तुम्ही ३ किलवर म्हणा, मी एकतर पास देईन किंवा ३ चौकट करीन.’ ओपनरला कोणता मायनर आहे हेच ठाऊक नसल्यामुळे त्याला ३ किलवर म्हणण्यावाचून गत्यंतर नसते. २ नोट्रम्पची जागा वाया जाते आणि एकही प्रश्न विचारला जात नाही. पद्धत लक्षात ठेवायला अतिशय सोपी आहे, हा तिचा गुण मी कमी लेखत नाही. इस्पिक ८-४, बदाम ९-६-३, चौकट ७-५ आणि किलवर राणी-गुलाम-९-७-५-२ अशी पाने असतील तर १ नोट्रम्पमध्ये ही सहा किलवर बहुधा डमीत (टेबलावर उघड्या मांडलेल्या भिडूच्या पानांत) पडून राहतात आणि ३ किलवर त्यापेक्षा कितीतरी बरे. परंतु अशा तीन गुणांच्या पानांवर प्रतिस्पर्धी गप्प बसतीलच असे नाही, आणि त्यांनी गप्प बसूनही मिळणारा फायदा शे-दीडशे गुणांचा असतो. खरा पैसा दुसरीकडे आहे.

तो कुठे आहे हे एका डावावरून दाखवतो. ओपनरची पाने अशी आहेत: इस्पिक एक्का-राणी-५, बदाम राजा-८-४, चौकट एक्का-गुलाम-६-३, किलवर राणी-७-२. सोळा गुण. समोर भिडूकडे इस्पिक ७-३, बदाम ९-५-२, चौकट ८-४ आणि किलवर एक्का-राजा-१०-८-६-४ आहेत. गुण फक्त सात. दोन्हीकडचे मिळून तेवीस होतात, आणि तेवीस गुणांवर ३ नोट्रम्प कोणी सहजासहजी घेत नाही. आता हात मोजा. किलवरचे सहा, इस्पिकचा एक्का आणि चौकटचा एक्का मिळून आठ हात जागच्या जागी तयार आहेत. डावीकडून इस्पिकची उतारी आली तर राणीचा हात मिळतो, बदामची आली तर राजाचा. चौकटची आली तरी एक्क्याने घेऊन इस्पिकची फिनेस (राजा उजवीकडे असल्याच्या आशेवर राणी चालवणे) करता येते किंवा डमीतून बदाम राजाकडे खेळता येतो. तेवीस गुणांचा हा गेम भरपूर चांगला आहे आणि तो घ्यायला हवा.

आता ओपनरचे गुण तेवढेच ठेवून पाने थोडी बदलू: इस्पिक एक्का-राणी-५, बदाम राजा-राणी-८-४, चौकट एक्का-गुलाम-६-३, किलवर ७-२. किलवरची राणी जाऊन बदामची राणी आली, एवढाच फरक. डमीत किलवरखेरीज दुसरे एकही घेणारे पान नसल्यामुळे किलवरचा एक हात प्रतिस्पर्ध्यांना देऊन मगच एक्का-राजा खेळावे लागतात. किलवर ३–२ पडलेली असतील, आणि ती शक्यता सुमारे ६८ टक्के आहे, तर सहाऐवजी पाच हात मिळतात आणि मध्ये एकदा खेळ प्रतिस्पर्ध्यांच्या ताब्यात जातो. ४–१ पडली तर डमी जवळजवळ मेलीच. दोन्ही वेळा ओपनरचे गुण सोळाच आहेत. म्हणून या सात गुणांच्या भिडूला ‘तुमच्याकडे पंधरा आहेत की सतरा?’ असा प्रश्न पडलेलाच नाही. त्याला विचारायचे आहे ते ‘किलवरची तीन पाने आहेत का, आणि त्यांत एक्का, राजा, राणी यांपैकी एखादे आहे का?’

२ इस्पिकनंतरच्या त्या एकुलत्या एका जागेत मी हा प्रश्न बसवतो. तीन पाने आणि वरच्या तिन्हींपैकी एक मानाचे पान, किंवा किलवरची कोणतीही चार पाने असतील तर उत्तर ‘होय’. दोनच पाने असतील किंवा तीन साधी पाने असतील तर ‘नाही’. राणीऐवजी गुलाम आणि दोन छोटी पाने असतील तर काय, असे हमखास विचारले जाते; माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, कारण भिडू एक्का-राजासह सहा पानांवर आमंत्रण देतो तेव्हा त्याला राणी हवी असते, आणि राजा-राणीसह सहा पानांवर देतो तेव्हा एक्का. टीमच्या स्पर्धेत व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही जास्त असलेल्या स्थितीत) असताना ३७ टक्क्यांच्या आसपास शक्यता असलेला गेमही घेणे परवडते. त्यामुळे असे तेवीस गुणांचे गेम सापडणे आणि न सापडणे यांत एखाद्या सामन्याचा निकाल सहज फिरतो. चौकटसाठी २ नोट्रम्पवर ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणण्याची अट तंतोतंत हीच ठेवावी.

आता ‘होय’साठी कोणती बोली वापरायची? २ नोट्रम्प म्हणजे होय आणि ३ किलवर म्हणजे नाही, की उलट? अनेक चांगल्या जोड्या उलट खेळतात, त्यामुळे हा वाद सोलापुरातही सुटलेला नाही आणि अन्यत्रही नाही. मी मधली बोली ‘होय’साठी ठेवतो. जोडीपैकी जो खेळाडू एखादा रंग पहिल्यांदा बोलतो तोच डिक्लेरर (दोन्हीकडची पाने खेळणारा) होतो हे लक्षात घेऊन पाहा. ओपनरने ‘नाही’ म्हणून ३ किलवर केले की कमकुवत भिडू पास देतो आणि ओपनर डिक्लेरर होतो. उतारी त्याच्या राजांकडे आणि एक्का-राणींकडे चालून येते. या वेळी किलवरची आठ किंवा नऊ पाने आहेत, तीही फारशी भक्कम नाहीत, म्हणून उतारीतून मिळणाऱ्या एका हाताची गरज याच वेळी अधिक असते. ओपनरने ‘होय’ म्हणून २ नोट्रम्प केले आणि भिडू कमकुवत निघाला, तर त्याला स्वतः ३ किलवर म्हणावे लागते आणि ओपनरची बलवान पाने डमी म्हणून टेबलावर उघडी पडतात. तोटा खरा, पण रंग भक्कम जुळलेला असताना हा तोटा बहुधा झेपतो. शिवाय चौकटच्या बाबतीतही मधली बोली, म्हणजे ३ किलवर, ‘होय’ ठरते. दोन्हीकडे एकच नियम राहिला की महिन्यातून एकदा येणारी बोलीही चुकत नाही.

बलवान पानांसाठी याच उत्तराचा उपयोग मला सर्वांत मोठा वाटतो, आणि नेमके त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. ट्रान्सफर केल्यानंतर भिडूने तिसऱ्या पातळीवर नवा रंग म्हटला तर त्याचा अर्थ ‘या रंगाचे माझ्याकडे एकच पान आहे किंवा एकही नाही, आणि आपल्याला गेमच्या आत थांबायचे नाही’ असा ठेवावा. तो नैसर्गिक दुसरा रंग असावा असे म्हणणारेही आहेत. परंतु मायनरच्या पानांत खरा प्रश्न ३ नोट्रम्प की ५ किंवा ६ किलवर हा असतो, आणि त्याचे उत्तर भिडूच्या दुसऱ्या लांब रंगापेक्षा त्याच्या आखूड रंगात अधिक वेळा सापडते.

उदाहरणार्थ, भिडूकडे इस्पिक ४, बदाम एक्का-७-३, चौकट राजा-८-२, किलवर राजा-राणी-१०-७-५-३ आहेत, बारा गुण. ओपनरकडे इस्पिक ८-६-५-२, बदाम राजा-राणी-४, चौकट एक्का-राणी-६, किलवर एक्का-गुलाम-४ आहेत, सोळा गुण. बोली अशी होते: १ नोट्रम्प, २ इस्पिक, २ नोट्रम्प, ३ इस्पिक. शेवटच्या ३ इस्पिकने भिडूने इस्पिकचे सिंगलटन दाखवले. ओपनर आपल्या इस्पिककडे पाहतो: त्या रंगात एकही गुण नाही, म्हणजे सोळाचे सोळा गुण भिडूला जिथे हवेत तिथेच आहेत. तो ४ किलवरने स्लॅमची (बारा किंवा तेरा हातांच्या बोलीची) वाट धरतो आणि शेवट ६ किलवरवर होतो. किलवरचे सहा, बदामचे तीन, चौकटचे तीन, असे बारा हात सरळ मोजून मिळतात. जातो तो इस्पिकचा एकच. आता हीच पाने ३ नोट्रम्पमध्ये खेळून पाहा. अठ्ठावीस गुण असूनही इस्पिकची आठ पाने प्रतिस्पर्ध्यांकडे आहेत. ती ४–४ असतील तर चार हात जाऊन गेम जेमतेम होतो. ५–३ असतील, आणि आठ पानांची हीच विभागणी सर्वांत अधिक वेळा, सुमारे ४७ टक्के वेळा, पडते, तर इस्पिकची उतारी येताच पाच हात गेले आणि गेम एकने बुडाला. दुसऱ्या बाजूला ओपनरचे इस्पिक राजा-राणी-गुलाम-५ असे असते तर त्याने ३ इस्पिकवर शांतपणे ३ नोट्रम्प म्हटले असते, कारण मग त्याचे सहा गुण भिडूच्या सिंगलटनसमोर वाया जात असते आणि इस्पिकचा अडकाव (त्या रंगाची धाव रोखणारे पान) मात्र पक्का असता.

पहिल्या भिडूच्या मायनर स्टेमनबद्दल मी जास्त लिहिणार नाही. दोन्ही मायनर आणि स्लॅमची आशा अशी पाने १५–१७च्या नोट्रम्पसमोर क्वचित येतात, आणि ती आल्यावर ४–४चा मायनर जुळला तरी पुष्कळदा शेवट ३ नोट्रम्पवरच करावा लागतो. पेअर्सच्या स्पर्धेत (जिथे थोडक्या गुणांनीही निकाल फिरतो) तर नॉन-व्हल्नरेबल असताना नोट्रम्पमध्ये दहा हात केले की ४३० मिळतात आणि ५ किलवरमध्ये अकरा हात केले तरी ४००च. त्यासाठी दर सत्रात उपयोगी पडू शकणारी बोली अडवून ठेवणे मला पटत नाही. ज्यांना दोन्ही मायनरची चिंता आहे त्यांनी १ नोट्रम्पवर थेट ३ बदाम किंवा ३ इस्पिक या बोलींचा अर्थ ‘या मेजरचे एकच पान, दुसऱ्या मेजरची तीन पाने, मायनर ५–४, गेम नक्की’ असा ठेवावा. ओपनरला अडकाव आहे की नाही हे लगेच कळते आणि मायनर स्टेमनचे उपयुक्त काम इथे होऊन जाते. थेट ३ किलवर आणि ३ चौकट या बोली काही महिने रिकाम्याच राहू द्याव्यात. सगळ्या बोलींना एकाच दिवशी अर्थ देण्याची घाई करणारी जोडी मी यशस्वी झालेली पाहिलेली नाही.

किंमत मोजावी लागते ती स्टेमनमध्ये. २ नोट्रम्प चौकटसाठी दिल्यामुळे समतोल आठ-नऊ गुणांच्या भिडूला २ किलवर म्हणून मग २ नोट्रम्प म्हणावे लागते, त्याच्याकडे मेजरची चार पाने असोत वा नसोत. याचे तीन परिणाम होतात आणि तिन्ही टेबलावर जाणवतात. एक म्हणजे ओपनरला विनाकारण आपला मेजर सांगावा लागतो. त्याने २ बदाम म्हटले, भिडूने २ नोट्रम्प, ओपनरने ३ नोट्रम्प, की उतारी करणारा बदाम सोडून दुसरा रंग शोधतो. पूर्वी १–२–३ नोट्रम्प अशा मुक्या बोलीनंतर तो आंधळेपणाने बदाम काढून आपल्याला एखादा हात देऊन जाई. दुसरे म्हणजे २ किलवरवर उजवीकडच्या प्रतिस्पर्ध्याला डबल (ठरलेल्या बोलीचे गुण वाढवणारी हाक) देऊन किलवरची उतारी सुचवण्याची संधी मिळते. तिसरा परिणाम मात्र ठरवून टाळता येतो, आणि न ठरवल्यास तोच अधिक महागात पडतो. ओपनरने २ बदाम म्हटल्यावर भिडूकडे इस्पिकची चार पाने आणि आमंत्रणाचे गुण असतील तर त्याने २ इस्पिक म्हणावे. इस्पिकची चार पाने नसतील तर २ नोट्रम्प म्हणावे. असे न ठरवता दोन्हींसाठी २ नोट्रम्प वापरले, तर ज्या ओपनरकडे दोन्ही मेजर चार-चार आहेत त्याला इस्पिक जुळले की नाही हे कधीच कळत नाही. थेट गेमची ताकद असेल तेव्हा ही अडचण येत नाही, कारण मेजर नसलेला भिडू स्टेमनच्या वाटेला न जाता सरळ ३ नोट्रम्प म्हणतो. म्हणून स्टेमन आणि मग ३ नोट्रम्प या बोलीत दुसरा मेजर पूर्वीइतकाच खात्रीने असतो.

ही गळती ज्यांना सहन होत नाही त्यांच्यासाठी आणखी एक पद्धत आहे आणि ती हल्ली बरीच वापरली जाते. त्यात २ इस्पिकचा अर्थ ‘एकतर समतोल आमंत्रण किंवा किलवर’ असा असतो. ओपनर गुण कमी असतील तर २ नोट्रम्प आणि जास्त असतील तर ३ किलवर म्हणतो. आमंत्रण देणारा त्यानुसार पास देतो किंवा ३ नोट्रम्प करतो आणि किलवरवाला ३ किलवरवर थांबतो. स्टेमनचा अर्थ शुद्ध राहतो आणि ओपनरचा मेजर झाकलेला राहतो. पण त्या एका जागेत आता गुणांचा प्रश्न बसला आहे. एक्का-राजा-१०-८-६-४ घेऊन बसलेल्या भिडूला पुन्हा पंधरा की सतरा एवढेच समजते आणि किलवरची राणी अज्ञातच राहते. जे जवळजवळ फक्त पेअर्स खेळतात आणि ज्यांना समतोल आमंत्रणे वारंवार द्यावीशी वाटतात, त्यांना मी या पद्धतीपासून परावृत्त करणार नाही. माझी स्वतःची सवय वेगळी आहे: समतोल आठ गुणांवर मी बहुधा पास देतो आणि चांगल्या नऊवर सरळ ३ नोट्रम्प म्हणतो. त्यामुळे आमंत्रण ही बोली मला कमीच लागते आणि तिच्यासाठी २ इस्पिक खर्च करण्याचे कारण उरत नाही. ज्या जोडीचा स्वभाव याच्या उलट आहे तिने माझा निष्कर्ष डोळे मिटून घेऊ नये.

एक पथ्य असे की पाचच पानांच्या मायनरवर ट्रान्सफर करू नये. पाच पाने आणि चार-पाच गुण असतील तर १ नोट्रम्पवर पास देणे शहाणपणाचे असते, कारण तिसऱ्या पातळीवर सात पानांच्या हुकमाशी झुंजण्यापेक्षा पहिल्या पातळीवर सात हात शोधणे सोपे जाते. ही अट मोडली की ओपनरचे ‘होय’ आणि ‘नाही’ दोन्ही निरर्थक होतात, कारण एक्का-राजासह पाच पानांसमोर राणीसह तीन पाने असली तरी सहा हात मिळत नाहीत.

पहिल्या काही आठवड्यांत २ नोट्रम्प विसरला जाणार हे गृहीत धरा. जुन्या सवयीने एकाने समतोल नऊ गुणांवर २ नोट्रम्प म्हटले की दुसरा ३ चौकट म्हणतो, आणि मग तिथून परतीचा मार्ग नसतो. म्हणून २ इस्पिक आज आणि २ नोट्रम्प पुढच्या महिन्यात अशी अर्धवट सुरुवात करू नये. दोन्ही बदल एकाच दिवशी करावेत आणि त्याआधी नुसत्या बोलीचा सराव करावा. सोलापूरहून पुण्याला स्पर्धेला जाणाऱ्या जोड्यांसाठी हुतात्मा एक्स्प्रेसचा प्रवास यासाठी पुरेसा आहे. ओपनरची तेरा पाने एकाने मांडावीत, उत्तर देणाऱ्या भिडूची दुसऱ्याने, खेळ न करता केवळ बोली करावी आणि शेवटी पाने उघडून पाहावीत. ज्यांना एवढाही सराव शक्य नाही त्यांनी दुसऱ्या भिडूची सोपी पद्धत स्वीकारावी, २ नोट्रम्प जसे आहे तसे ठेवावे आणि सहा पानी मायनरचे काही गेम हुकतील हे मान्य करावे. बोलीत गोंधळ झालेली चांगली पद्धत न विसरलेल्या सामान्य पद्धतीला हरते.

प्रतिस्पर्धी मध्ये पडले तर काय, हेही आत्ताच ठरवून टाकावे. २ इस्पिकवर डबल येण्याची शक्यता खरी आहे, कारण ती बोली कृत्रिम आहे आणि डबल देणारा इस्पिकची उतारी सुचवू शकतो. अशा वेळी ओपनरने पास दिला तर किलवर जुळत नाहीत. ३ किलवर म्हटले तर किलवर जुळतात पण इस्पिकचा अडकाव नाही. २ नोट्रम्प म्हटले तर किलवर जुळतात आणि अडकावही आहे. डबलने आपल्याला पास ही एक जास्तीची जागा मिळवून दिली, म्हणून एका प्रश्नाऐवजी दीड प्रश्न विचारता आला. २ नोट्रम्पवर डबल आल्यास पास म्हणजे नाही, ३ किलवर म्हणजे होय, एवढेच पुरे.

शेवटी माहिती देण्याविषयी. मेंढीकोट खेळून ब्रिजकडे आलेल्या मंडळींना भिडूला डोळ्यांनी काही सुचवण्याची जुनी खोड असते आणि आपल्या गावातल्या टेबलांवर मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही भाषा सहज चालतात; म्हणून भिडूंनी आपसांत ठरवलेले प्रतिस्पर्ध्यांना समजेल अशा भाषेत आणि पूर्णपणे सांगणे इथे अधिक काटेकोरपणे पाळावे. २ इस्पिक झाल्यावर ओपनरने अलर्ट (या बोलीला खास अर्थ आहे अशी सूचना) द्यावा आणि विचारल्यास ‘किमान सहा किलवर, गुण कितीही’ असे सांगावे. ओपनरच्या २ नोट्रम्पला भिडूने अलर्ट द्यावा आणि ‘किलवर जुळतात, मानाच्या पानासह तीन किंवा कोणतीही चार’ असे स्पष्ट करावे. बहुतेक जोड्या विसरतात ती गोष्ट वेगळीच आहे: स्टेमननंतरचा २ नोट्रम्प आता मेजरची चार पाने असल्याची हमी देत नाही, आणि उतारी करणाऱ्याला हे पहिले पान टाकण्याआधी माहीत असायला हवे. म्हणून त्या २ नोट्रम्पलाही अलर्ट द्यावा, आणि कन्व्हेन्शन कार्डावर (जोडीने ठरवलेल्या अर्थांच्या यादीवर) २ इस्पिकच्या शेजारी ही ओळसुद्धा लिहावी.